विंचू चावला आणि दुखतच नाही

लेखमाला ‘ओळख आजारांची’ : भाग ९

मागच्या भागात मण्यार पाहिली. तिच्या दाताची खूण सापडत नाही, पहाटे पोटात कळ येते आणि घरचे ओवा चावायला देतात. विंचवाचं असं नाही, असं बहुतेकांना वाटतं. विंचू चावला की माणूस बोंबलतो, आळी जागी होते, निदानाचा प्रश्नच उरत नाही. आणि जितका जास्त ठणका तितका विंचू जहाल, हा आपला पिढीजात हिशोब. लाल विंचवाच्या बाबतीत तो उलटा आहे, आणि या उलट्या हिशोबापायी कोकणात कितीतरी पोरं गेली.

इंगळी, म्हणजे मोठा काळा विंचू, दिसायला भयंकर. नांग्या जाड, अंग काळंकुळकुळीत. ती चावली की रात्रभर झोप नाही, पण जीव सहसा जात नाही. लाल विंचू दोन-तीन इंचांचा, तांबूस-पिवळट, नांग्या बारीक. तो जांभ्याच्या दगडाखाली, लाकडाच्या ढिगात, भाताच्या पेंढ्यात, भिंतीच्या भेगेत आणि रात्री काढून ठेवलेल्या चपलेतही असतो. कोकणात तो भरपूर, देशावरही आहे, शिवाय गुजरात, कर्नाटक, आंध्र इथेही. चावण्याचे प्रकार उन्हाळ्याच्या शेवटी आणि पाऊस सरल्यावर, कापणीच्या दिवसांत वाढतात.

त्याच्या विषाने मज्जातंतूंच्या पेशींवरचे सोडियमचे मार्ग उघडले की वेळेवर मिटत नाहीत. मज्जातंतू थांबायचं नाव घेत नाहीत आणि अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्यं रक्तात ओतली जातात. त्यांनी शरीरभरच्या रक्तवाहिन्या आवळतात. पाण्याच्या पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबून धरावं आणि पंप चालूच ठेवावा, तशी हृदयाची गत होते. रक्तदाब चढतो, हृदयाचा स्नायू थकतो, आणि पुढे सरकू न शकलेलं रक्त मागे फुफ्फुसात तुंबून तिथे पाणी भरतं. रोगी धापा टाकतो, खोकतो, तोंडातून गुलाबी फेस येतो. इथवर पोचलेला रोगी वाचवणं अवघड.

म्हणून त्याच्या आधीचे एक-दोन तास महत्त्वाचे. या वेळात दिसतं ते असं : उलट्या, दरदरून घाम, तोंडात लाळ, आणि गारठलेले हातपाय. मुलगा किंवा पुरुष असेल तर लिंगाला ताठरता. ही शेवटची खूण घरचे लाजेने सांगत नाहीत, आणि डॉक्टरही पोराची चड्डी काढून बघायला विसरतात. बघायलाच हवं, कारण विष अंगात भिनल्याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही. याच वेळी डंखाच्या जागी मात्र फारसं दुखत नसतं. मांत्रिकाकडे नेलेला पोरगा रडायचा थांबला, की मंत्राला गुण आला असं सगळ्यांना वाटतं. पोरगा घामाने भिजलेला आहे, तळपाय थंड पडलेत, याकडे लक्ष जात नाही. उलट, उपचारानंतर हातपाय उबदार होऊ लागतात आणि डंखाची जागा ठणकायला लागते, तेव्हा डॉक्टर सुटकेचा श्वास सोडतो. मांत्रिकाला दोष देणं सोपं आहे. पण सत्तरच्या दशकात दवाखान्यात तरी काय होतं? अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं, स्टिरॉइड, सलाइन. अ‍ॅट्रोपिनही देत, त्याने घाम आणि लाळ आटते, पण नाडी आणखी धावते, म्हणजे अपायच.

रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर नोकरीला होते. विंचवाचे रोगी डोळ्यांसमोर दगावताना ते पाहत होते. त्यांनी केलं ते फार साधं : रोग्याच्या उशाशी बसून दर थोड्या वेळाने काय बदलतं ते लिहून ठेवलं. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हृदयावरच्या संकटाची ही आगाऊ लक्षणं मांडली. मृत्यूचं कारण हृदय आणि फुफ्फुस आहे हे ठरल्यावर औषधाची दिशाही ठरली : आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायच्या. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी नेमकं तेच करते. त्यांचा त्यावरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९८६ साली आला. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शंभरातले तीसेक दगावत. प्राझोसिन वेळेत मिळू लागल्यावर हा आकडा एकाच्या आसपास आला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते या कामातली मोठी गोष्ट गोळी नव्हे, ती बाजारात होतीच. मोठी गोष्ट आहे कागद-पेन्सिल घेऊन रोग्याजवळ बसणं.

गोळी द्यायचे नियम आहेत. प्रमाण वजनावर : दर किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, आणि हातपाय उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा. गोळी साधीच हवी; सावकाश विरघळणारी इथे चालत नाही. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रोग्याला आडवंच ठेवायचं. आई पोराला उचलून खांद्यावर घेते, तेही नको. गोळी घरात ठेवून आपणच द्यावी असा याचा अर्थ कुणी काढू नये.

मुंबईच्या हाफकिनने विंचवाच्या विषावर लसही (प्रतिविष) तयार केली. महाडला ७० रोग्यांवर झालेल्या चाचणीचा अहवाल २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. लस आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले; नुसतं प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. पण लस उशिरा दिली तर तिचा उपयोग घटत जातो, आणि ती हाताशी नसेल तर तिच्यासाठी प्राझोसिन थांबवू नये.

घरी करायचं ते थोडं. चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. फडक्यात गुंडाळून बर्फ लावा. चावल्याची वेळ लिहून ठेवा, आणि हातपायांवर हात ठेवून गार पडतायत का ते बघत राहा. घाम किंवा उलटी सुरू झाली की १०८ ला फोन. मूल लहान असेल तर लक्षणांची वाट न पाहता निघा. नुसताच ठणका असेल तर डॉक्टर त्या जागी बधिर करण्याचं इंजेक्शन देतात, पण तरीही काही तास नजरेखाली ठेवतात.

पुढच्या भागात भातशेतीतलाच दुसरा आजार : चिखलातून पायाच्या भेगेवाटे शिरणारा लेप्टोस्पायरोसिस.