एकाच नावाची तीन खोकी

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. आम्ही, आमच्या पत्नी आणि धाकटी मुलगी असे तिघे कल्याणातल्या एका विद्युत उपकरणांच्या दुकानात उभे होतो. समोर तीन खोकी. तिन्हींवर एकाच कंपनीचे नाव, तीच काळी गोल तबकडी, तेच चकचकीत फरशीवर बसलेले हसरे कुटुंब. एका खोक्यावर नुसते नाव, दुसऱ्यावर त्याच नावापुढे 'प्रो' आणि तिसऱ्यावर 'प्रो प्लस'. किंमत पहिल्याची पंधरा हजार, दुसऱ्याची बावीस हजार आणि तिसऱ्याची छत्तीस हजार रुपये!

"तिन्हींत फरक काय?" आम्ही विचारले.

"साहेब, वरचं मॉडेल वरचं असतं," विक्रेत्या मुलाने उत्तर दिले.

वाचकहो, हे उत्तर ऐकून आम्ही रिकाम्या हाताने घरी परतलो. आयुष्य कारकुनीत गेले. जमा-खर्चाचा मेळ लागल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय. मग आठवडाभर वहीत रकाने आखून आम्ही या विषयाचा अभ्यास केला. आपल्यापैकी अनेक घरांत आज नवरा-बायको दोघेही नोकरी करतात. मुले आई-वडिलांना हे यंत्र घेऊन देऊ लागली आहेत. अशा कुटुंबांना आमच्या वहीचा उपयोग व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

गरज कोणाची?

यंत्राने केर काढायची कल्पना आमच्या घरी चैनीतून आली नाही. आमच्या पत्नी रुग्णालयात परिचारिका आहेत. त्यांच्या गुडघ्यांची झीज झाल्याने उकिडवे बसणे आणि वाकणे बंद करावे, असे डॉक्टरांनी सांगितले. आईचे वय ७६. तिला दम्याचा त्रास आहे, आणि झाडू फिरला की धूळ उडून तिचा खोकला सुरू होतो.

आईचा मात्र यंत्राला विरोध होता. तिने बत्तीस वर्षे शाळेत झाडलोट केली आणि त्याच पगारावर आम्हाला बी. कॉम. केले. "घर ते केवढं, आणि त्याला मशीन?" ती म्हणाली. "माझ्या कंबरेसाठी कोणी मशीन आणलं नव्हतं."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. ज्या काळात ती झाडत होती, त्या काळात असे यंत्र नव्हतेच. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीचे 'ट्रायलोबाइट' हे यंत्र २००१ साली विक्रीस आले आणि अमेरिकेच्या आयरोबोट कंपनीचा 'रूंबा' २००२ साली. त्यानंतर चिनी कंपन्या या धंद्यात उतरल्या, किमती उतरल्या, आणि एकेका यंत्राच्या दहा-दहा आवृत्त्या बाजारात आल्या. ग्राहकाचा गोंधळ सुरू झाला तो इथून.

नावापुढच्या अक्षरांचा अर्थ

एक उदाहरण घेऊ. रोबोरॉक या कंपनीने २०२१ साली 'एस ७' नावाचे यंत्र आणले. त्याच कुळात 'एस ७ प्लस', आणि पुढच्या वर्षी 'एस ७ मॅक्स व्ही' आणि 'एस ७ मॅक्स व्ही अल्ट्रा' ही भावंडे आली. नाव एक, पण किमतीत मोठे अंतर. ते अंतर कशाचे?

'प्लस' म्हणजे यंत्र तेच, फक्त सोबत एक मोठी बैठक. यंत्र परत आले की ही बैठक त्याच्या पोटातली धूळ स्वतःकडे ओढून घेते. 'मॅक्स व्ही'मध्ये समोर कॅमेरा असतो. वाटेतली चप्पल, वायर ओळखून यंत्र वळसा घालते. शिवाय ओढण्याची ताकद २५०० पास्कलवरून ५१०० वर नेली आहे. 'अल्ट्रा'ची बैठक धूळ ओढते, फरशी पुसायचे फडके धुते आणि पाणीही भरून देते.

आता गंमत पाहा. 'एस ७'मध्ये पाण्याची टाकी ३०० मिलिलिटरची आहे, तर महागड्या 'मॅक्स व्ही'मध्ये २०० मिलिलिटरची! धुळीचा डबाही ४७० वरून ४०० वर आला. बॅटरी दोघांची सारखीच, ५२०० एमएएचची. म्हणजे वरच्या मॉडेलात सगळेच वरचे असते, हा समज खरा नाही. काही वाढते, काही घटते, आणि पुष्कळसे आहे तेवढेच राहते. म्हणून दोन आवृत्त्या समोर आल्या की आधी सारखे असेल ते वहीत खोडून टाकावे. उरेल तेवढ्याचेच आपण जादा पैसे देत असतो.

यंत्र वाट कशी शोधते?

खोडाखोड केल्यावर जो खरा फरक उरतो, तो बहुधा वाट शोधण्याच्या पद्धतीचा असतो.

साध्या यंत्रात गायरोस्कोप असतो. आपण किती वळलो, किती चाललो याचा अंदाज घेत ते शेतात नांगर चालावा तसे सरळ रेषांत जाते. मध्येच उचलून ठेवले की बिचारे गोंधळते. दुसऱ्या प्रकारात कॅमेऱ्याने छत आणि भिंती पाहून नकाशा बनतो. त्याला उजेड लागतो. तिसऱ्या प्रकारात यंत्राच्या डोक्यावर एक छोटा बुरूज असतो. त्यात लेझर किरण गरगर फिरतो, भिंतींची अंतरे मोजतो आणि घराचा अचूक नकाशा तयार करतो. याला अंधारातही अडचण येत नाही. 'फक्त स्वयंपाकघर झाड' असे मोबाइलवरून सांगता येते.

मोठ्या घरासाठी लेझरचे यंत्र निःसंशय चांगले. आमच्या दुकानातले 'प्रो' लेझरचे होते आणि पहिले गायरोस्कोपचे. सात हजारांचा फरक मुख्यतः याचाच होता.

मोठ्या आकड्यांची भूल

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरात पास्कलचा आकडा छापलेला असतो. पास्कल हे दाबाचे माप आहे. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब सुमारे १,०१,३०० पास्कल असतो. म्हणजे २५०० पास्कल हा त्याचा जेमतेम अडीच टक्के झाला. गालिच्याच्या धाग्यांत रुतलेली धूळ काढायला मोठा आकडा उपयोगी पडतो. आपल्या घरातल्या गुळगुळीत फरशीवर दोन-अडीच हजारांत काम भागते. दुप्पट आकड्याने घर दुप्पट स्वच्छ होत नाही.

बॅटरीचेही तेच. अशी यंत्रे मिनिटाला साधारण एक चौरस मीटर झाडतात. आमचे घर ४२० चौरस फुटांचे, म्हणजे ३९ चौरस मीटर. पाऊण तासात काम संपते. शंभर मिनिटे चालणारी बॅटरी आणि १८० मिनिटे चालणारी बॅटरी यांत आम्हाला फरक पडायचे कारणच नाही.

चालू खर्चाचा रकाना

आमच्या मेहुण्यांनी दोन वर्षांपूर्वी एका कंपनीचे 'प्लस' मॉडेल घेतले. धूळ आपोआप बैठकीत जाते, याचे त्यांना मोठे कौतुक. पण ती धूळ कागदी पिशवीत साठते, आणि पिशवी भरली की नवी लागते, हे दुकानात कोणी बोलले नाही. सोबतच्या पिशव्या संपल्या. त्या मॉडेलच्या पिशव्या पुढे मिळेनात. आज ती बैठक कोपऱ्यात स्टुलासारखी उभी आहे आणि मेहुणे हाताने डबा रिकामा करतात.

म्हणून खरेदीच्या किमतीशेजारी दुसरा रकाना आखावा. कडेचा ब्रश काही महिन्यांत झिजतो. गाळणी बदलावी लागते. मधला ब्रश वर्षभराने आणि बॅटरी काही वर्षांनी. हे भाग त्याच मॉडेलचे मिळतात का, त्यांची किंमत काय, जवळचे सेवा केंद्र कोठे आहे, हे पैसे देण्याआधी विचारावे. कंपनी मोठी आहे एवढ्यावर विसंबू नये. 'रूंबा'ने हा धंदा जगभर नेला, त्या आयरोबोट कंपनीलाही डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

कॅमेऱ्याविषयी दोन शब्द

घरात लेकी-सुना वावरतात. म्हणून चाकांवर फिरणारा कॅमेरा घरात आणताना विचार करावा. 'रूंबा'च्या चाचणीच्या यंत्रांनी २०२० साली टिपलेली घरातली खाजगी छायाचित्रे बाहेर फुटल्याचे २०२२ साली उघड झाले. त्यांत शौचालयातल्या एका स्त्रीचेही छायाचित्र होते. ती विक्रीची यंत्रे नव्हती आणि चाचणी करणाऱ्यांनी संमती दिली होती, हे खरे. पण छायाचित्रे इतक्या दूर जातील याची कल्पना कोणाला असते? २०२४ साली अमेरिकेत एकोव्हॅक्स कंपनीच्या काही यंत्रांचा परक्या माणसांनी ताबा घेतला आणि यंत्रांतून घरच्या लोकांना शिवीगाळ केली. लेझर किंवा गायरोस्कोपने काम भागत असेल, तर कॅमेऱ्याच्या आवृत्तीसाठी जादा पैसे देऊ नयेत, असे आमचे मत आहे.

आईचा प्रश्न

एवढा अभ्यास करून आमचे मत 'प्रो'च्या बाजूने झाले. चौदा नोंदींचा तक्ता आम्ही घरच्यांना वाचून दाखवला. आई दिवाणावर बसून ऐकत होती. शेवटी तिने एकच विचारले, "ते माझ्या दिवाणाखाली जाईल का?"

आम्ही मोजपट्टी आणली. दिवाणाखाली फरशीपासून नऊ सेंटिमीटर जागा. लेझरच्या यंत्राची उंची बुरूजासह साडेनऊच्या वर. आमचे तक्त्यातले यंत्र सारे घर झाडणार होते, फक्त दम्याच्या रोग्याच्या दिवाणाखालची धूळ तेवढी सोडणार होते!

दिवाणाला ठोकळे लावू, असे आम्ही सुचवले. पत्नीने तत्काळ मोडता घातला. "अहो, उठताना त्यांचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. दिवाण उंच केला आणि त्या पडल्या म्हणजे?" परिचारिकेच्या अनुभवापुढे आमचा तक्ता टिकला नाही. पहिले, सर्वांत स्वस्त यंत्र आठ सेंटिमीटरहून कमी उंचीचे होते. आम्ही तेच आणले.

त्याचे दोष झाकत नाही. ते एकच जागा दोनदा झाडते आणि कोपरे सोडते. आमच्या स्वयंपाकघराच्या दारात काळ्या दगडाची पट्टी आहे. तिला खड्डा समजून ते माघारी फिरते. खड्डा ओळखणारे त्याचे डोळे खाली प्रकाश टाकून तो परत येतो का ते पाहतात, आणि काळा रंग प्रकाश गिळतो. त्या पट्टीवर आम्ही पांढरा चिकटपट्टा लावला तेव्हा ते जाऊ लागले. पण दिवाणाखाली ते रोज जाते.

घ्यायला निघण्यापूर्वी

पलंग, कपाट, सोफा यांच्या खालची उंची मोजून कागदावर लिहा. उंबरठे मोजा. दोन सेंटिमीटरपेक्षा उंच उंबरठा बहुतेक यंत्रे चढत नाहीत. घरातले वायफाय २.४ गिगाहर्ट्झचे आहे ना, ते पाहा, कारण पुष्कळ यंत्रे तेवढेच ओळखतात. यंत्रावर मोबाइलशिवाय चालू करण्याचे बटण आहे का, ते पाहा. म्हाताऱ्या माणसाला त्याचाच उपयोग होतो. पावतीवर पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या, नुसते कंपनीचे नाव चालणार नाही. फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

आणखी एक विनंती. ज्यांच्या घरी कामाला बाई येतात, त्यांनी यंत्र आले म्हणून त्यांचा पगार कापू नये. भांडी, ओटा, जिने, कोपरे हे सारे हातानेच होते. यंत्राने त्यांचीही कंबर थोडी वाचली तर काय बिघडले?

राहिला धुळीचा डबा. दम्याचे माणूस घरात असेल तर तो खोलीत उघडू नये, बाहेर नेऊन रिकामा करावा. आमच्या घरी हे काम रोज सकाळी आम्ही करतो. पहिल्या दिवशी आईने तो डबा हातात घेऊन पाहिला. दिवाणाखालून निघालेल्या धुळीचा गोळा लिंबाएवढा होता.

"एवढी होती होय?" ती म्हणाली, आणि डबा आमच्या हातात दिला. "जा, टाकून ये. आणि हात धू."