मूळ गाण्याला मागे टाकणारे गाणे

कव्हर म्हणजे काय

आधी कुणी गाऊन ठेवलेले गाणे दुसऱ्याने आपल्या पद्धतीने गायले, की रॉकच्या जगात त्याला ‘कव्हर’ म्हणतात. महाड-पोलादपूरच्या माणसाला हे नवे नाही. पोलादपूर तालुक्यात उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, आणि त्यांचा पोवाडा एका शाहिराच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा येतो, तर दुसऱ्याच्या तोंडून येत नाही. प्रसंग तोच असतो. मग बदलते काय?

ठेका

बीटल्सचे ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ (१९६७) रिंगो स्टारने गप्पा माराव्यात इतक्या सहज म्हटले आहे. पुढच्याच वर्षी जो कॉकरने ते संथ केले आणि चाराच्या ठेक्यातून सहाच्या ठेक्यात नेले. केरव्यातले गाणे दादऱ्यात बसवावे तसे. रिंगोकडे जी मैत्रीतली खुशाली होती, ती कॉकरकडे आर्जव झाली.

वाद्य

बॉब डिलनचे ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ १९६७ च्या डिसेंबरात आले: साधी गिटार, माऊथ ऑर्गन, जेमतेम अडीच मिनिटे. १९६८ मध्ये जिमी हेंड्रिक्सने कडव्यांच्या मधल्या जागा इलेक्ट्रिक गिटारने भरल्या. डिलनच्या शब्दांत वादळाची नुसती चाहूल आहे. हेंड्रिक्सकडे ते वादळ गिटारमधून येऊन आदळते. माझ्या मते हे कव्हर मुळापेक्षा निःसंशय मोठे आहे. पुढे डिलन स्वतःही मैफलींत ते हेंड्रिक्सच्या वळणाने गाऊ लागला.

वय

नाइन इंच नेल्सचे ‘हर्ट’ (१९९४) ट्रेंट रेझनरने ऐन तारुण्यात लिहिले. २००२ मध्ये जॉनी कॅशने ते गायले तेव्हा तो सत्तरीचा होता, आजारी होता. त्याने एक शिवराळ शब्द बदलून तिथे ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटाची आठवण आणली. बाकी शब्द तेच. पण तरुणाची स्वतःवरची चीड म्हाताऱ्याच्या तोंडी आयुष्याचा हिशेब झाली. इथे मात्र मला डावे-उजवे करवत नाही. रेझनरची वेदनाही खरीच आहे.

उमरठचा पोवाडा

आता तानाजींच्या पोवाड्याकडे. त्यांची सिंहगडाची लढाई १६७० च्या फेब्रुवारीतली. सभासदाच्या बखरीत मावळे वानरासारखे कडा चढून जातात. दोर बांधून कड्यावर चढवलेली घोरपड तिथे नाही, ती आहे पोवाड्यात. आणि लोकांच्या मनात घर केले ते घोरपडीनेच. कडा किती सरळसोट होता हे बखरीतल्या वाक्यापेक्षा त्या घोरपडीने जास्त दाखवले. इतिहास म्हणून बखर जवळची, पण डफ-तुणतुण्यावर, झीलकऱ्यांच्या ‘जी जी’वर उभी राहते ती घोरपड.

हा पोवाडा तुळशीदास शाहिराच्या नावावर आहे. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सावरकरांनी याच प्रसंगावर पोवाडा रचला. तो काटेकोर अर्थाने कव्हर नव्हे, कारण रचना नवी. पण ऐकणाऱ्यांसमोर आता इंग्रजांचे राज्य होते, त्यामुळे किल्ला घेण्याचा अर्थच बदलला. कॅशच्या वयाने ‘हर्ट’चे जे केले, ते इथे काळाने केले.

मूळ कोणते?

रॉकमध्ये मूळ गाण्याची तबकडी असते. दोन्ही लावून तुलना करता येते. तुळशीदासाचा पोवाडा शाळिग्राम आणि अ‍ॅक्वर्थ यांनी १८९१ मध्ये छापला. तोवर तो दोनेकशे वर्षे गोंधळी-शाहिरांच्या तोंडी फिरत होता. म्हणजे आपण मूळ म्हणून वाचतो तेही कुणीतरी पुन्हा गायलेलेच आहे.