ढगांचं चित्र मोबाईलवर आलं, आता ते वाचायचं कसं?



अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली की तासाभरात प्रत्येक ग्रुपवर लाल-पिवळ्या ढगांचं गोल चित्र फिरायला लागतं. खाली लिहिलेलं असतं, "महाभयंकर वादळ येतंय!" मग कोणी घाबरून बारा आण्यांचा आंबा उतरवतो, तर कोणी "दरवेळी असंच सांगतात" म्हणून काहीच करत नाही. नुकसान दोघांचंही होतं. म्हणून हे चित्र येतं कुठून, त्यात काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते आज बघू.

*चित्र कोण काढतं?*
विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आपले हवामान उपग्रह आहेत. इन्सॅट-३डीआर २०१६ साली सोडला, इन्सॅट-३डीएस २०२४ साली. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याच गतीने हे उपग्रह फिरतात, त्यामुळे ते कायम आपल्या भागावरच नजर ठेवून असतात. एक उपग्रह साधारण अर्ध्या तासाला एक चित्र पाठवतो. भर समुद्रात पर्जन्यमापक आणि वाऱ्याची यंत्रं फारच थोडी. तिथे वादळ जन्माला आलं हे आधी कळतं ते या चित्रांतूनच.

*लाल रंग म्हणजे पाऊस नव्हे*
साध्या कॅमेऱ्याला रात्री ढग दिसत नाहीत. म्हणून उपग्रहावर उष्णता मोजणारा कॅमेराही असतो. तो ढगाच्या माथ्याचं तापमान मोजतो. ढग जितका उंच, तितका त्याचा माथा थंड. वादळी ढगांचा माथा उणे ७० अंशांपर्यंत थंड असू शकतो. काळ्या-पांढऱ्या चित्रात असा ढग पांढराशुभ्र दिसतो. रंगीत चित्रात त्याला लाल, जांभळा, काळा, कुठलाही रंग दिलेला असतो. तो रंग चित्र तयार करणाऱ्याने ठरवलेला असतो. म्हणून आधी बाजूची तापमानाची पट्टी बघा.

इथेच फसगत होते. उंचावरचा पातळ, पिंजलेल्या कापसासारखा ढगही थंड असल्याने पांढरा दिसतो, पण त्यातून थेंबही पडत नाही. उलट पावसाळ्यात घाटाला अडून बसलेले आपल्याकडचे ढग ठेंगणे असतात. चित्रात ते फिकट दिसतात आणि खाली धो धो कोसळत असतात. चित्रात ढगाचा माथा दिसतो, बुडाखाली काय चाललंय ते दिसत नाही. त्यासाठी रडार लागतं. मुंबई आणि गोव्याची डॉपलर रडार प्रत्यक्ष पावसाचे थेंब टिपतात.

*चित्र बघताना तीन गोष्टी*
१) वेळ आणि तारीख. जुनी चित्रं नव्या वादळाच्या नावाने सर्रास फिरतात. तारीख नसेल तर चित्र पुढे पाठवू नका. वेळेपुढे "यूटीसी" किंवा "जीएमटी" असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा, म्हणजे आपली वेळ निघते.
२) एकच चित्र नको. दोन-दोन तासांच्या अंतराची तीन-चार चित्रं ओळीने बघा. ढग कुठे सरकतायत, विखुरतायत की गोल गुंडाळले जातायत, ते त्यातून कळतं. गुंडाळी घट्ट होत गेली आणि मध्ये डोळा उघडला, तर वादळ जोर धरतंय. ढगांच्या या ठेवणीवरून वाऱ्याचा वेग ठरवायची पद्धत व्हर्नन ड्व्होराक या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने १९७०च्या दशकात बसवली. आपलं हवामान खातं आजही ती वापरतं.
३) पसारा. फक्त मधला ठिपका बघू नका, ढगांचा पसारा आपल्यापर्यंत पोचतोय का ते बघा.

*दोन वादळं, दोन धडे*
निसर्ग वादळ आठवा. १ जून २०२० च्या सकाळी समुद्रात डिप्रेशन, २ जूनच्या दुपारी चक्रीवादळ, आणि ३ जूनच्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला ते किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. नाव मिळाल्यापासून किनारा गाठेपर्यंत जेमतेम एक दिवस! श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवी सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात.

पुढच्याच वर्षी तौक्ते. १७ मे २०२१ च्या रात्री ते किनाऱ्याला लागलं गुजरातेत, दीवजवळ. पण कोकणासमोरून समुद्रातून जाता जाताच त्याने सिंधुदुर्गापासून रायगडपर्यंत झाडावरचा आंबा खाली आणला. "वादळ गुजरातला जाणार आहे" एवढ्यावर निर्धास्त राहून चालत नाही, ते असं.

*मग भरवसा कशावर?*
चित्र सांगतं वादळ आत्ता कुठे आहे. उद्या कुठे असेल, ते हवामान खातं उपग्रह, रडार आणि संगणकाची गणितं एकत्र करून सांगतं. चक्रीवादळाचा इशारा साधारण ४८ तास आधी येतो, त्याहून गंभीर इशारा २४ तास आधी. निर्णय घ्यायचा तो या इशाऱ्यांवर. "मौसम" आणि "मेघदूत" ही ॲप मोबाईलवर ठेवा. विजेच्या इशाऱ्यासाठी "दामिनी" ठेवा.

*४८ तासांचा इशारा आला की:* चौदा आणे तयार आंबा उतरवा, कोवळ्याला हात लावू नका. नारळाची सुकी झापं आणि तयार नारळ काढा. क्रेट आणि खतं कोरड्या, पक्क्या जागी हलवा.
*२४ तासांचा आला की:* गोठ्याचे आणि शेडचे पत्रे आवळा, पंपाचा वीजपुरवठा बंद करा, मोबाईल पूर्ण चार्ज करून ठेवा. गुरं मोठ्या झाडाखाली बांधू नका. त्यानंतर बागेत जाऊ नका.
*वादळ चालू असताना:* वारा एकदम पडला तरी बाहेर येऊ नका. तो वादळाचा डोळा असू शकतो. तो सरकला की वारा उलट्या दिशेने तितक्याच जोरात येतो. मदत लागली तर जिल्हा नियंत्रण कक्ष, १०७७.

झाड वाचवणं दरवेळी आपल्या हातात नसतं. पण उपग्रहामुळे मिळालेले एक-दोन दिवस आपल्या हातात असतात, आणि तेवढ्यात तयार माल, गुरं आणि माणसं नक्की वाचतात. ज्यांच्याकडे साधा फोन आहे अशा शेजाऱ्यांना हा संदेश वाचून दाखवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, हवामान सल्ला