फाळक्याला न धडकणारी हवा

पावसाळा सरला की वसईतल्या गोखिवऱ्यासारख्या गाळ्यांच्या गावात पिकअपवाल्यांपुढे एक प्रश्न उभा राहतो. जूनपूर्वी हौद्यावर चढवलेला पत्र्याचा बंद डबा आता उतरवायचा की वर्षभर राहू द्यायचा? एक म्हणतो, डबा काढला की गाडी हलकी होते आणि अ‍ॅव्हरेज वाढतं. दुसऱ्याचं मत उलटं. उघड्या हौद्यात हवा भरते आणि मागच्या फाळक्यावर आपटते, त्यापेक्षा डबा बरा. तिसरा हवेला वाट मिळावी म्हणून रिकामी गाडी फाळका खाली सोडूनच घरी आणतो. तिघेही डिझेल वाचवायला निघालेत आणि तिघांनीही मनात हवेचं एक चित्र धरलंय. ते चित्रच तपासून पाहण्यासारखं आहे.

हवा फाळक्यावर आदळते, हे पटायला फार सोपं आहे. डोळ्यांसमोर उभी पाटी दिसते, गाडी पुढे धावते, मग हवा त्या पाटीवर आपटणारच! प्रत्यक्षात केबिनच्या टपावरून मागे निघालेल्या हवेला टपाची कड संपताच एकदम खाली वळता येत नाही. ती कडेपासून सुटते आणि हौद्याच्या वरून निघून जाते. खाली हौद्यात अडकलेली हवा संथपणे स्वतःभोवती फिरत राहते. पावसाळ्यात तुंगारेश्वरच्या ओढ्यात कातळातला एखादा खळगा पाहा. वरून पाणी वेगाने सरकतं आणि खळग्यातलं पाणी तिथल्या तिथे गरगरतं. त्यात पडलेलं पान बराच वेळ बाहेर पडत नाही आणि वरचा प्रवाह जणू खळगा भरलेलाच आहे असा पुढे जातो. हौद्यातला भोवरा हेच काम करतो. वरची हवा त्याच्यावरून घसरत फाळक्याच्या पलीकडे उतरते. म्हणजे फाळका ही त्या खळग्याची मागची भिंत झाली. ती पाडली की भोवरा मोडतो आणि वरची हवा केबिनच्या पाठीमागे खाली ओढली जाते. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतल्या केव्हिन कूपर यांनी पिकअपच्या हवारोधावरचं काम २००४ मध्ये प्रसिद्ध केलं. फाळका खाली सोडल्याने फायदा होत नाही, उलट थोडा तोटाच होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. हौद्यावर सपाट, ताणलेलं झाकण घातलं तर मात्र रोध थोडा घटतो. फाळका सोडून घरी येणाऱ्या तिसऱ्या गड्याने तो आजच वर लावून टाकावा.

प्रवाह पृष्ठभागापासून का सुटतो, या प्रश्नाचं उत्तर एका कारखान्यातून आलं आणि त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९०० साली लुडविग प्रांटल हा पंचविशीतला इंजिनिअर न्युरेंबर्गच्या मान कारखान्यात कामाला लागला. त्याच्याकडे यंत्रांवर पडणारा लाकडाचा भुसा नळ्यांतून शोषून घेण्याची व्यवस्था सुधारायचं काम होतं. आपल्याकडे कोणत्याही सुतारकामाच्या गाळ्यात असते तीच. रुंद होत जाणाऱ्या नळीत हवा मंदावते आणि दाब वाढतो, असं पुस्तक सांगत होतं. नळीत तेवढा दाब मिळेना. हवा नळीच्या भिंतीला धरून वाहायचं सोडून मध्येच सुटत होती. दुसऱ्या कुणी नळी बदलून विषय संपवला असता. प्रांटलने हॅनोव्हरला प्राध्यापक झाल्यावर हाताने चाक फिरवून चालवायची पाण्याची एक पन्हळ बनवली, पाण्यात अभ्रकासारखी चमकणारी भुकटी सोडली आणि प्रवाह कुठे सुटतो ते डोळ्यांनी पाहिलं. ऑगस्ट १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत त्याने दहा मिनिटांत ते मांडलं. पृष्ठभागाला चिकटलेला हवेचा पातळ थर घर्षणाने दमतो, पुढे वाढता दाब आला की त्याला रेटून जायला जोर उरत नाही आणि तो मुख्य प्रवाहाला घेऊन सुटतो. त्या थराला आपण सीमास्तर म्हणतो. छापलेला निबंध जेमतेम आठ पानांचा होता, पण विमानाच्या पंखापासून पिकअपच्या टपापर्यंत सगळ्यांचं गणित त्यावर उभं आहे. प्रांटलला नोबेल मिळालं नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

आता डब्याकडे वळू. डबे दोन प्रकारचे असतात आणि वादात ते नेहमी एकत्र कालवले जातात. केबिनच्या उंचीचा, टपाच्या रेषेत मागे जाणारा डबा हवेच्या दृष्टीने जवळजवळ निरुपद्रवी असतो. आकार नीट असेल तर थोडा फायदा, वेडावाकडा असेल तर थोडा तोटा. केबिनच्या वर हात-दीड हात डोकावणाऱ्या डब्याचं कपाळ मात्र हवेला थेट भिडतं. इथे ढोबळ हिशोब करू. उघड्या हौद्याची, भरलेली, अठ्ठावीसशे किलोची पिकअप ताशी ८० किलोमीटरने निघाली की हवेचा रोध साधारण ३८० न्यूटन आणि चाकांचा ३३०, म्हणजे दोघे जवळपास बरोबरीत. उंच, चौकोनी डबा चढवला की हवेचा रोध सातशेच्या घरात जातो. इंजिनाची कार्यक्षमता धरली तर १०० किलोमीटरला अडीच लिटरच्या आसपास जादा डिझेल जळतं. पण रोध वेगाच्या वर्गाने बदलतो. ताशी ४० ला हाच जादा खर्च चौथाईवर येतो, म्हणजे १०० किलोमीटरला अर्धा-पाऊण लिटर. गोखिवरे ते वसई फाटा, तिथून चिंचोटी-कामणमार्गे भिवंडी, अशा खेपा करणाऱ्याला ८० चा काटा क्वचितच दिसतो. त्याच्या डिझेलचे खरे वैरी सिग्नल, खड्डे आणि कोंडी. वापी-सुरतेला रात्री रिकाम्या रस्त्याने जाणाऱ्याचा हिशोब वेगळा निघतो.

डबा ठेवायचाच असेल तर एडविन सॉल्ट्झमन यांचं नाव प्रत्येक बॉडीवाल्याच्या गाळ्यात माहीत असायला हवं. ते नासाच्या कॅलिफोर्नियातल्या उड्डाण संशोधन केंद्रात इंजिनिअर होते. त्यांचे सहकारी ध्वनीहून वेगवान विमानांवर काम करत आणि हे सायकलने कामाला जात. मोहावेच्या वाळवंटातल्या रस्त्यावर शेजारून ट्रक गेला की आधी त्यांना बाहेर ढकललं जाई आणि मग आत ओढलं जाई. प्रत्येक ट्रक केवढी हवा उगाच घुसळत चाललाय, हे त्या माणसाला सायकलवर उमगलं. १९७३ मध्ये, तेलसंकटाच्याच वर्षी, त्यांच्या गटाने फोर्डची एक जुनी माल वाहायची व्हॅन घेतली आणि तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ठोकून ती मुद्दाम काटकोनी खोक्यासारखी केली. ती वेगात नेऊन न्यूट्रलमध्ये सोडायची आणि किती झपाट्याने मंदावते ते मोजायचं, एवढीच चाचणी. मग एकेक कड गोल केली. उभ्या कडा गोल केल्यावर हवारोध सुमारे ४० टक्के घटला. आडव्याही गोल केल्यावर ५४ टक्के. आतली जागा घटली ती फक्त तीनेक टक्के. महाग धातू नाही, नवं इंजिन नाही, नुसते कोपरे! हवा कोपऱ्यावर सुटू नये एवढीच व्यवस्था, म्हणजे पुन्हा प्रांटलच. त्या केंद्राचं नाव निघालं की लोकांना एक्स-१५ सारखी विमानं आठवतात. माझ्या मते जगाचं सर्वाधिक इंधन वाचवणारं तिथलं काम त्या खोक्यावर झालं. आपल्याकडे लोखंडी अँगल काटकोनात वेल्ड करून त्यावर पत्रा ठोकायची रीत आहे. पिकअपच्या डब्याचा पुढचा बराच भाग केबिनच्या आडोशाला असल्याने ५४ टक्क्यांची आशा धरू नये, पण केबिनच्या वर निघणाऱ्या कपाळाचे कोपरे गोल वाकवून घेतले तर त्या उंचीचा दंड निश्चित कमी होतो.

वजनाबद्दलची समजूतही जरा तपासायला हवी. अडीचशे किलोच्या डब्याने चाकांचा रोध तीसेक न्यूटनने वाढतो. शंभर किलोमीटरला पाव लिटरच्या आसपास. सतत थांबत-निघत गेलं तर थोडं अधिक. हे काही गाडीचं दिवाळं काढणारं नाही. खरा खर्च दुसरीकडे आहे. गाडीचं एकूण परवानगीचं वजन ठरलेलं असतं. दीड टनाची क्षमता असेल आणि डब्याने त्यातले अडीचशे किलो खाल्ले, तर दर सहा खेपांत एका खेपेचा माल डबाच वाहून नेतो. लोखंडाचे सुटे भाग, डाय, मशिनरी नेणाऱ्याला हे परवडत नाही. थर्माकोल, खोकी, प्लास्टिकच्या बादल्या नेणाऱ्याचा हौदा वजनाआधीच भरतो, त्याला हा तोटा जाणवतही नाही.

त्याहून जास्त काळजी मला उंचीची वाटते. वसई खाडीवरच्या वर्सोवा पुलावर पावसाळ्यात पश्चिमेचा वारा गाडीला आडवा लागतो. अशा ताशी साठ किलोमीटरच्या झोताने पावणेपाच चौरस मीटरच्या डब्याच्या कुशीवर सुमारे ९० किलोचा रेटा येतो. रिकामी गाडी तेवढ्याने उलटत नाही, पण लेनमधून सरकते. शेजारून कंटेनर जात असेल तर तेवढं सरकणंही जिवावर बेततं. गायमुखच्या वळणांवर उंच डब्यात वरपर्यंत माल रचला की गुरुत्वमध्य वर जातो आणि पाटे एका अंगाला दबतात. डबा रिकामा असताना वाऱ्याला जपावं आणि भरलेला असताना वळणाला.

एक धोका मात्र फार कमी लोकांना माहीत असतो. चालत्या गाडीच्या पाठीमागे दाब कमी असतो. कच्च्या रस्त्याने आलेल्या एसटीची मागची काच धुळीने लिंपलेली असते, ती याच ओढीने. डब्याचं मागचं दार उघडं ठेवून गाडी चालवली तर धूळ आणि सायलेन्सरचा धूर दोन्ही आत खेचले जातात. लांब माल बाहेर काढण्यासाठी दार उघडं बांधून नेणारे आणि वर हमालांना आत बसवणारे दिसतात. हे थांबायलाच हवं. माणसं हौद्यात बसवणं मुळात बेकायदा आहे आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. मालाच्या बाबतीतही विचार करा. वसईची केळी, फुलं, पालेभाजी मे महिन्यात बंद पत्र्याखाली उकडून निघते. तिला पाइपच्या कमानीवर ताणून बांधलेली ताडपत्री आणि दोन्हीकडून हवा हवी. ताडपत्री मात्र घट्टच बांधा. धावत्या गाडीत वरचा दाब उतरून ताडपत्री फुगते, मग फडफडते आणि फडफडीत डिझेलही जातं, ताडपत्रीही.

अ‍ॅव्हरेज वाढवून देणारी लोहचुंबकं आणि इंधननळीवर चढवायच्या पट्ट्या विकणारे फिरत असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरहून अधिक उपकरणं तपासली आहेत आणि बहुतेकांचा काहीही उपयोग आढळलेला नाही. ते पैसे गोल कोपऱ्यांना घाला, किंवा वेग ८० वरून ६५ वर आणा. त्यात खर्च शून्य आणि हवेचा रोध एक तृतीयांश कमी.

राहिला निर्णय. तुमची धाव शहरात, माल हलका आणि भिजून बिघडणारा असेल तर डबा बारा महिने राहू द्या, केबिनच्या उंचीचा असेल तर बेलाशक. जड लोखंड वाहत असाल किंवा लांबच्या हायवेवर रिकामं परतावं लागत असेल तर उतरवा आणि फाळका लावून चालवा. शंका असेल तर त्याच मार्गावर, तेवढ्याच मालाने, टायरची हवा तपासून, एक आठवडा डब्यासह आणि एक आठवडा डब्याविना टाकी ते टाकी मोजा. दोन्ही वेळा एकाच पंपावर भरा आणि नोझलच्या पहिल्या कटला थांबा. पक्का डबा बसवायचा झाला तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी घेऊन आरसीत बॉडीचा प्रकार आणि रिकाम्या गाडीचं वजन बदलून घ्यावं लागतं. हे काम बॉडीवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी करा.