भाकरीला सोल्युशनचा वास
कष्टाचे हात : लेखांक ६

दुपारी बांधावर जेवायला बसावं, भाकरी मोडून पहिला घास तोंडाजवळ न्यावा आणि घासाआधी सोल्युशनचा वास नाकात शिरावा. सकाळी पाइप जोडलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. दोनदा साबण लावलेला असतो, हात दिसायला स्वच्छ असतात, वास मात्र जागचा हलत नाही. आपण हाताने जेवणारी माणसं आहोत, म्हणून हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही.

जुन्नर-आंबेगावात हा वास घरोघरी पोचलेला आहे. डिंभे, वडज, माणिकडोह, येडगाव, पिंपळगाव जोगे अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणं इथली. घोड, मीना, कुकडीच्या काठावरून पाणी उचलायचं आणि पाइपलाइनीने माळावरच्या रानात न्यायचं, यावर इथली बागायत उभी आहे. पीव्हीसी पाइप वीस फुटी. एक किलोमीटर लाइन म्हणजे दीडशेच्या वर सांधे, आणि प्रत्येक सांध्याला डब्यातलं सोल्युशन लागतं. ब्रश बहुतेकदा वाळून कडक झालेला असतो, मग बोटानेच फासलं जातं.

सोल्युशनला आपण चिकटद्रव्य समजतो, पण त्याचं काम वेगळं आहे. त्यात पीव्हीसीच विरघळवलेलं असतं. ते ज्या द्रावांत विरघळवतात त्यांत टेट्राहायड्रोफ्युरान, मिथाइल इथाइल कीटोन आणि सायक्लोहेक्झॅनोन हे नेहमीचे. पाइपाच्या तोंडाला ते लागलं की तिथलं प्लॅस्टिक मऊ पडतं, दोन्ही पाइपांचे पृष्ठभाग एकमेकांत मिसळतात आणि द्राव उडून गेल्यावर सांधा एकजीव होतो. म्हणूनच चुकलेला सांधा सोडवता येत नाही, पाइपच कापावा लागतो. ठिबकच्या काळ्या नळीला हेच सोल्युशन धरत नाही, कारण ती पॉलिथीनची आणि हे द्राव पॉलिथीनला विरघळवत नाहीत. तिथे ग्रोमेट आणि जॉइनरच हवेत.

हातावरही पाइपासारखीच गोष्ट घडते. तळहाताच्या कातडीचा वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा. सोल्युशनचे द्राव त्या गिलाव्यात सहज मुरतात. टेट्राहायड्रोफ्युरान सुमारे ६६ अंश सेल्सिअसला उकळतं, मिथाइल इथाइल कीटोन ८० अंशांच्या आसपास. हे दोघे हातावरून चटकन उडून जातात. सायक्लोहेक्झॅनोनचा उत्कलनबिंदू मात्र १५५ अंशांच्या पुढे आहे. ते रेंगाळतं. त्यातच वर पीव्हीसीचा पातळ पापुद्रा वाळून बसतो आणि झाकणासारखा त्याला कोंडून ठेवतो. नखांच्या कडेला आणि बोटांच्या पेरांवर तो पापुद्रा सर्वांत चिवट असतो. तुमचा साबण पापुद्र्यावरून घसरून जातो, खालचा वास तसाच राहतो.

अशा वेळी माणूस आणखी जहाल काहीतरी शोधतो. मोटारसायकलची नळी काढून ओंजळभर पेट्रोल, नाहीतर रंगवाल्याकडचं थिनर. पंचवीस वर्षांपूर्वी मीही मंचरजवळच्या आमच्या रानात हेच केलं होतं. वास गेला, पण पेट्रोलने कातडीतली चरबीही नेली. दोन दिवसांत तळहात पांढरा पडून तडकला, आणि त्या भेगांतून मिरचीचा ठेचा असा झोंबला की आठवडाभर चमच्याने जेवलो. धुण्याची पावडरही याच जातीची: कातडी किंचित आम्लधर्मी, पावडर चांगलीच अल्कधर्मी. चुलीतली राख घासणंही तसंच.

मग करायचं काय? ओलं असतानाच कोरड्या चिंधीने पुसा. पहिल्या मिनिटातलं पुसणं नंतरच्या तासाभराच्या घासण्याला भारी पडतं. वाळलंच, तर पाणी लावण्याआधी तेल लावा. खोबरेल, शेंगदाण्याचं, घरात असेल ते. कोरड्या हातावर चमचाभर तेल घेऊन पाच मिनिटं चोळत राहा. तेल पीव्हीसी विरघळवत नाही, पण पापुद्र्याच्या कडेने आत शिरून त्याची पकड सैल करतं, आणि कातडीत मुरलेला द्राव तेलात उतरतो. सुटलेल्या कडा वजरीने हलक्या हाताने काढा. मग तेलकट हातावरच डाळीचं पीठ चोळा, ते तेल शोषून घेतं. शेवटी अंगाचा साबण किंवा रिठ्याचं पाणी, आणि पाणी कोमट. रिठ्यातलं सॅपोनिन साबणासारखंच तेलाला पाण्यात धरून ठेवतं. हात पुसले की पुन्हा दोन थेंब तेल. उरलासुरला डाग कातडीबरोबर आपोआप झडतो, त्याच्या मागे लागू नये.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगतो. हे द्राव भडकन पेटतात. सोल्युशनच्या हाताने बिडी पेटवू नका, चुलीजवळ जाऊ नका. आणि डॉक्टरी पातळ हातमोज्यांवर फार विसंबू नका, हे द्राव त्यांतून काही मिनिटांत आरपार जातात. त्यापेक्षा नवा ब्रश परवडतो.

सुताराच्या हाताची गोष्ट वेगळी. १९५९ साली फेव्हिकॉल आलं आणि कातड्या-हाडांपासून केलेला, चुलीवर उकळायचा सरस हळूहळू मागे पडला. पांढरं फेव्हिकॉल पाण्यातलं, ओलं असताना नुसत्या पाण्याने निघतं. जुन्नर पूर्वी हातकागदासाठी प्रसिद्ध होतं. असा कागद घोटण्याआधी त्याला खळ देत. तिला धुवायला तर साबणही लागत नसे. सनमायकाला लावायचं पिवळं चिकट द्रव्य मात्र सोल्युशनच्या कुळातलं, त्यालाही तेलच. फेव्हिक्विकने बोटं चिकटली तर ओढू नका. कोमट साबणपाण्यात भिजवून हळूहळू फिरवत सोडवा. बोटांना नखांचं पॉलिश काढायचं अॅसिटोन चालतं, डोळ्यांजवळ कधीही नाही.

वासाकडे मी एवढं लक्ष का देतो? जपानमध्ये १९६० च्या दशकात सपाता करणाऱ्या कारागिरांच्या हातापायांतली ताकद जाऊ लागली. त्यांच्या गोंदातलं हेक्झेन नसांना इजा करत होतं. बंद खोल्यांत, रोज, तासन्‌तास श्वासातून गेल्याचा तो परिणाम. रानातल्या दोन सांध्यांनी तसं होत नाही, पण बंद गाळ्यात दिवसभर रेक्झिन चिकटवणाऱ्या पोराने खिडकी उघडी ठेवलीच पाहिजे.

आणि नारायणगावच्या बाजाराला माल पाठवणाऱ्या घरातल्या बायांचे हात? टोमॅटो तोडताना त्यांवर हिरवट-काळा थर चढतो. त्यात कारखान्याचं काहीच नाही. झाडाच्या बारीक लवेच्या टोकाला चिकट रस असतो, तो किड्यांना अडवण्यासाठी. साबण लावला की फेस हिरवा-पिवळा होतो आणि हात काळे ते काळेच. तिथे बाया जे करतात तेच बरोबर आहे: फुटका टोमॅटो नाहीतर लिंबाची फोड हातावर चोळायची, त्या आंबटाने थर सुटतो, मग साबण. भेगा असतील तर आधी तेल.

पुढच्या आठवड्यात भीमाशंकरच्या बाजूला जाऊ. तिथे हिरडा फोडणारे हात लोखंडी विळ्याला लागले की शाईसारखे काळे होतात.