मुंबईच्या नावाची समुद्री गोगलगाय

१९४६ साली लंडनच्या मॅलॅकोलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात एच. सी. विंकवर्थ यांचा निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता मुंबईचे ‘ग्लॉसोडोरिस’, म्हणजे शंख नसलेल्या, मऊ अंगाच्या, रंगीबेरंगी समुद्री गोगलगायी. त्यातल्या एका नव्या जातीला त्यांनी ‘बॉम्बेयाना’ हे नाव दिलं, दुसरीला ‘ट्रायमार्जिनाटा’. पुढे या दोन्ही जाती ‘क्रोमोडोरिस’मध्ये गणल्या गेल्या आणि आज त्या ‘गोनिओब्रँकस’ या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात आहेत. प्राणी तेच असताना त्यांचं घराणं दोनदा का बदललं, याच्या उत्तरात समुद्री गोगलगायी ओळखण्याच्या शास्त्राची सगळी वाटचाल आहे.

या सगळ्या गोगलगायींच्या कुळाला क्रोमोडोरिडिडी म्हणतात. उष्ण कटिबंधातल्या समुद्रांत त्याच्या जाती विपुल आहेत. डोक्यावर वास घेणारी दोन शिंगं आणि पाठीच्या मागच्या टोकाला कल्ल्यांचा तुरा, ही त्यांची पहिली खूण. धोका जाणवला की दोन्ही आत ओढून घेता येतात. अन्न म्हणजे स्पंज. स्पंजातली विषारी रसायनं ही गोगलगाय शोषून घेते आणि अंगाच्या कडेच्या ग्रंथींत साठवते. क्रोमोडोरिसच्या काही जातींत सापडणारं लॅट्रन्क्युलिन ए हे अशाच साठ्यातलं रसायन. अंगावरचे भडक रंग माशांना सांगतात, आमच्या वाटेला जाऊ नका.

अभ्यासकाची नजरही आधी या रंगांवरच जाते आणि तिथेच फसते. नमुना अल्कोहोलमध्ये ठेवला की रंग उडून जातात आणि बरणीत उरतो फिकट गोळा. म्हणूनच जुन्या काळी जिवंतपणी काढलेल्या चित्रांना मोल होतं. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी वॉल्टर इलियट यांनी पूर्व किनाऱ्यावर गोळा केलेल्या गोगलगायींचं वर्णन जोशुआ आल्डर आणि आल्बनी हॅनकॉक यांनी १८६४ मध्ये केलं, ते रंगीत चित्रांसह. त्यातल्या एका प्रजातीला त्यांनी ‘कलिंगा’ हे नाव दिलं. ते आजही कायम आहे.

रंग पुरत नाही, तेव्हा शरीर उघडावं लागतं. तोंडात किसणीसारखी दातेरी पट्टी असते, तिला रॅड्युला म्हणतात. दातांचा आकार, ओळींतली त्यांची मांडणी आणि जननेंद्रियांची रचना यांवरून जवळच्या जाती वेगळ्या काढता येतात. १९९९ मध्ये वाल्देस, मोल्लो आणि ओर्तेआ यांनी दक्षिण भारतातल्या दोन नव्या जातींचं वर्णन केलं. त्याच निबंधात विंकवर्थ यांच्या ‘ट्रायमार्जिनाटा’चंही त्यांनी नव्याने वर्णन केलं, कारण नवी जात सिद्ध करायची तर जुनी नेमकी कोणती, हे आधी ठरवावं लागतं.

मग डीएनए आला. रेबेका जॉन्सन आणि टेरेन्स गॉसलायनर यांनी २०१२ मध्ये या कुळाची जनुकीय वंशावळ मांडली. क्रोमोडोरिस या एका नावाखाली परस्परांशी जवळचं नातं नसलेले अनेक गट नांदत होते, हे त्यातून दिसलं. हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या बऱ्याच जातींसाठी त्यांनी पीस या अभ्यासकाचं १८६६ मधलं ‘गोनिओब्रँकस’ हे नाव पुन्हा वापरात आणलं. लॅटिन व्याकरणानुसार ‘बॉम्बेयाना’ची ‘बॉम्बेयानस’ झाली. विंकवर्थ यांचं नाव आणि १९४६ हे साल तिच्या नावापुढे कंसात लिहितात; मूळ प्रजाती बदलल्याची ही खूण असते.

रंग दोन्ही बाजूंनी चकवतो. २०१८ मध्ये हिप्सेलोडोरिस या प्रजातीच्या अभ्यासातून १७ नव्या जाती पुढे आल्या. काही तर इतक्या सारख्या दिसणाऱ्या की पूर्वी एकच समजल्या जात. उलट ‘हिप्सेलोडोरिस इबा’चे पांढरट आणि जांभळे असे दोन निराळे अवतार डीएनएने एकाच जातीचे ठरवले.

अशा तपासात जातीच्या मूळ ठिकाणाला वेगळं महत्त्व असतं. नाव ज्या प्राण्यावरून पडलं, त्याच्याशी ताडून पाहायला त्याच किनाऱ्यावरचा ताजा नमुना सर्वांत भरवशाचा. ‘बॉम्बेयाना’साठी तो किनारा मुंबईचा आहे. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाचे कार्यकर्ते ओहोटीला खडकांत उतरून तिथल्या जीवांची छायाचित्रं नोंदवत आहेत. पण हा किनारा बदलतो आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळीची पोवळी २०२० मध्ये दुसरीकडे हलवावी लागली, कारण पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. स्पंजावर जगणाऱ्या गोगलगायीला असं हलवून वाचवता येत नाही. तिच्यासाठी स्पंजासकट खडक राखावा लागतो.

म्हणून ओहोटीला अशी गोगलगाय दिसली तर तिला हात न लावता शिंगं, कल्ले, कडेचे पट्टे आणि ती ज्या स्पंजावर आहे तो स्पंज, सगळ्यांची छायाचित्रं घ्यावीत. तारीख आणि ठिकाण लिहून ठेवावं. नमुने गोळा करणं परवानगी असलेल्या अभ्यासकांवर सोडावं. जगाच्या प्राणिसूचीत मुंबईचं नाव असलेली ही जात नीट ओळखण्याची आणि तिचा किनारा जपण्याची पहिली जबाबदारी आपलीच आहे.