पंधरा मिनिटांत रावण

शहरातल्या एका महोत्सवात चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गायलेलं आख्यान, पाहायला बसलो होतो. निवेदिकेने आधीच बजावलं, वेळ १५ मिनिटं. आख्यान जरा कुठे रंगात येतंय तोच शाल-श्रीफळ आलं, टाळ्या झाल्या. ते इतकं खटकलं, की कुडाळजवळचं पिंगुळी गाठलं.

इथल्या ठाकर मंडळींनी ही कला टिकवली. एके काळी सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता, देवळांत रात्री जागवल्या जात. इथलेच चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात या कलेचं संग्रहालय उभारलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हे सगळं वाचून गेलो होतो. ऐकायला मात्र एका घराच्या पडवीत बसलो.

वीणा, टाळ आणि हुडूक हे चर्मवाद्य; बसणारे तिघं. पोथी म्हणजे सुटी चित्रं, एका आख्यानाची एक चळत. पहिला गणपती, मग सरस्वती. त्यांना हात जोडल्याशिवाय पान उलटत नाही. चित्रावर एकही अक्षर नाही. ओव्या, पदं, मधलं गद्य सगळं गाणाऱ्याच्या तोंडी. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, त्यामुळे पान फिरवलं की कथा पुढे सरकते.

माझं लक्ष राहून राहून टाळकऱ्याकडे जात होतं. म्हातारा माणूस, चित्राकडे एकदाही बघितलं नाही. तरी पान फिरायच्या अगदी आधी त्याचे टाळ थांबत. तेवढ्या उसंतीत नवं चित्र समोर येई: एका बाजूने काढलेले चेहरे, टपोरे डोळे, रथाच्या घोड्यांचे पाय हवेत. मग हुडूक घुमू लागे आणि घोडे खरंच उधळल्यासारखे वाटत. पानाचा खालचा कोपरा अंगठ्यांनी काळा पडलेला. किती पिढ्यांच्या, कोण जाणे.

मध्ये चहा झाला. महोत्सवातल्या त्या १५ मिनिटांचा विषय काढला, तर टाळकरी म्हणाला, "पंदरा मिन्टात रावण कसो मरतलो?" बाकीचे हसले. तो हसला नाही.

नवी चित्रं आता चौकटीत घालून विकली जातात. पोट भरायला हवं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पोथीतलं जुनं पान काचेमागे गेलं, की पाठचं चित्र भिंतीकडे तोंड करून उभं राहतं. समोरच्या चित्रातला राम दिसतो, पण रामाचं पुढे काय झालं ते कळत नाही. कलेचं जतन म्हणून आपण बहुतेक हेच करतो आहोत. १५ मिनिटांचा कार्यक्रम म्हणजे तीच चौकट, फक्त मंचावरची.

कोकणात गेलात तर पिंगुळीला जरूर जा. चित्र घ्या, पण आधी आख्यान लावायची विनंती करा. त्याची बिदागी चित्राच्या किमतीत धरू नका, वेगळी द्या. आणि परतीची गाडी शक्यतो दुसऱ्या दिवशीची काढा.